जन्मगाव लपविणारी तारका : मर्ल ओबेरॉन

पानशेतच्या या वसतिगृहातून शहरात गेलेल्या आमच्या मुलामुलींना भाड्याची खोली शोधताना अनेकदा प्रथम आडनाव विचारले जाते. ते लपविण्याचा मोह आम्ही जाणतो. म्हणूनच मुंबईत जन्मलेल्या एका अभिनेत्रीचे चरित्र या स्मरणिकेत देत आहोत.

मर्ल ओबेरॉन यांचा जन्म १९११ साली मुंबईत, एका गरीब अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. त्यांना वाढविणाऱ्या शार्लट सेल्बी मूळच्या सिलोनच्या. १९१७ साली कुटुंब कलकत्त्यास गेले. तेथे शिष्यवृत्तीवर शिकत असताना मिश्र वंशावरून मर्ल यांना इतके हिणविण्यात आले की त्यांनी शाळाच सोडली.

पुढे त्या युरोपात गेल्या. १९३३ साली अलेक्झांडर कोर्डा यांच्या आठव्या हेन्रीवरील चित्रपटाने त्यांचे नाव झाले. प्रसिद्धीसाठी मात्र त्यांचे जन्मस्थान टास्मानिया असल्याचे सांगण्यात आले. गोऱ्या व काळ्या वंशांतील प्रेमसंबंध पडद्यावर दाखविण्यास हॉलीवूडच्या नियमावलीत मनाई होती. आशियाई नायिकाही बहुधा गोऱ्या नटीच रंग लावून साकारीत. खरे सांगणे म्हणजे नायिकापदावर पाणी सोडणे होते. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा आशियाई वंशाच्या अभिनेत्रीचा हा बहुमान आहे हे जगाला कळलेच नाही.

या लपवाछपवीची किंमत घरात मोजावी लागली. पाहुण्यांसमोर शार्लट यांची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे चरित्रकार नोंदवितात. १९३७ साली शार्लट वारल्या. नंतर मर्ल यांनी त्यांचे तैलचित्र करविले, तेही उजळ कांतीचे. १९७९ साली मर्ल यांचे निधन झाले. मुंबईचे सत्य सर्वतोमुखी झाले ते त्यानंतरच.

आम्ही त्यांना दोष देत नाही. दोष दार लावून घेणाऱ्यांचा. १९१७ साली बडोद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले होते, आणि ओळख उघड होताच तेथून निघावे लागले होते. परंतु तो प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला. त्या लिहिण्यामुळे आपल्याला आपले नाव उच्चारण्याचे बळ मिळाले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी कितीही उंची गाठावी. स्नेहसंमेलनास येताना मात्र आईला सोबत आणावे. तिची जागा पहिल्या रांगेत राखलेली आहे.