पॉल माउझर : ट्रिगरचे दोन टप्पे
बोल्ट-ॲक्शन रायफल म्हटलं की पॉल माउझर आठवतातच. जन्म १८३८, जर्मनीतलं ओबर्नडॉर्फ. गनस्मिथच्या १३ मुलांतलं शेंडेफळ. भाऊ विल्हेल्मसोबत केलेली १८७१ची रायफल जर्मन लष्कराने घेतली. १८८२ मध्ये भाऊ गेला, तरी काम थांबलं नाही.

त्यांच्या १८९८च्या रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा. आधी हलका येतो, मग अडतो. तिथून जोर दिला की गोळी सुटते. नुसत्या धक्क्याने सीअर सुटू नये, म्हणून ही सोय. १९०१ मध्ये सेल्फ-लोडिंग रायफल टेस्ट करताना त्यांचा एक डोळा गेला. १९१४ मध्ये ते वारले.

पुढे शिकाऱ्यांनी तो ट्रिगर काढून हलके ट्रिगर बसवले. नेम साधायला ते बरेच. पण माउझरना घाबरलेल्या सैनिकाचं थरथरतं बोटही सांभाळायचं होतं!