विश्लेषण : हरवलेले पक्षी शोधणाऱ्या सलीम अलींचा अंदाज भरतपुरात का चुकला?

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याची सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होते आणि सांगता डॉ. सलीम अली यांच्या. सलीम अलींच्या लहानपणीची चिमणीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. दुर्मीळ पक्ष्यांचा माग त्यांनी कसा काढला आणि भरतपूरच्या पाणथळीबाबत त्यांचा अंदाज कसा फसला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पक्ष्यांकडे कसे वळले?

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्म. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. घरात शिकारीचा शौक होता. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय संस्थेचा संग्रहही उघडून दाखवला. पुढचे सारे आयुष्य या संस्थेशी बांधले गेले.

पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातली नोकरी हुकली. १९२६मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररचे काम मिळाले. तिथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले, एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकले आणि १९३०मध्ये परतले. तोवर पैशांअभावी ते पदच रद्द झाले होते.

किहीमला काय सापडले?

हाताला काम नव्हते, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. सलीम अली महिनोन्महिने घरट्यांवर नजर ठेवून बसले आणि नोंदी करत राहिले. नाव सुगरण असले तरी विणकाम नराचे, एवढे लोकांना माहीत होते. त्यापुढचे त्यांनी टिपले. नर घरटे अर्धवट विणून थांबतो. माद्या येतात, घरटी तपासतात, पसंत पडले तर एखादी आत मुक्काम करते. मग नर घरटे पूर्ण करतो आणि ती अंडी उबवायला बसली की दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१मध्ये हा अभ्यास बीएनएचएसच्या नियतकालिकात छापून आला. मेलेल्या पक्ष्यांची कातडी जमवणे म्हणजेच पक्षीशास्त्र, असे मानण्याचा तो काळ होता. त्यात जिवंत पक्ष्याकडे इतका वेळ बघत बसणे हे वेगळेपण होते. नमुन्यांसाठी पक्षी त्यांनीही मारले, हेही खरे.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. खर्च संस्थानांनी द्यायचा, मेहनताना नको, अशी त्यांची तयारी असे. पत्नी तहमीना या फिरतीत सोबत असत. १९३९मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. याच नोंदींच्या बळावर १९४१चे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ उभे राहिले आणि नंतर डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथही.

भरतपूरमध्ये काय झाले?

भरतपूरचे केवलादेव हे संस्थानाचे शिकारीचे तळे. १९३८मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले होते. स्वातंत्र्यानंतर पाणी काढून जमीन शेतीला द्यावी, ही मागणी जोरात होती. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत बाजू मांडली आणि पाणथळ वाचली.

आसपासच्या गावांच्या म्हशी मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. गुरांमुळे पक्ष्यांचे नुकसान होते, असे तेव्हाचे तज्ज्ञ मानत, सलीम अलीही. १९८२मध्ये चराई बंद झाली. गावकरी भडकले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी मारले गेले.

त्यानंतर पाण्यातले गवत कोणी खाईना. ते इतके माजले की मोकळे पाणी आक्रसले आणि बदकांना, माशांना जागा उरेना. म्हशी गवत आटोक्यात ठेवत होत्या, हे दाखवून दिले ते बीएनएचएसच्याच अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासाने. त्याचे निष्कर्ष पूर्ण स्वरूपात आले, तेव्हा सलीम अली हयात नव्हते. किहीमला आधी बघून मग बोलणाऱ्या माणसाने इथे आधी ठरवले आणि मोजणी नंतर झाली. ज्यांची चराई गेली, त्यांना मात्र तो अभ्यास फार उशिरा आला.

हरवलेले पक्षी कुठे गेले होते?

फिनची सुगरण प्रथम १८६९मध्ये काळाढुंगीच्या नमुन्यावरून नोंदली गेली आणि नंतर दिसेनाशी झाली. कुमाऊंच्या तराईत ती सलीम अलींनी पुन्हा शोधली. आज ती संकटग्रस्त यादीत आहे. त्याच भागातला डोंगरी लावा त्यांना मिळाला नाही. त्याची शेवटची पक्की नोंद नैनितालजवळची, १८७६ची.

जेर्डनचा धाविक १९००नंतर कोणी पाहिला नव्हता. जानेवारी १९८६मध्ये बीएनएचएसच्या पथकाला तो आंध्रच्या कडप्पा भागात मिळाला. हा पक्षी निशाचर, तो सापडला रात्री टॉर्चच्या उजेडात. सलीम अली तेव्हा ८९ वर्षांचे होते.

माळढोकला राष्ट्रीय पक्षी करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९६३मध्ये मान मोराला मिळाला. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी १९७९मध्ये अभयारण्य झाले, तरी आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आत आहेत. माळरान म्हणजे पडीक जमीन, हा समज अजून गेलेला नाही.

२० जून १९८७ रोजी सलीम अली गेले. रानपिंगळ्याचा १८८४नंतर खात्रीचा पत्ता नव्हता. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि रिप्लेंनी शोधूनही तो मिळाला नव्हता. १९१४ची एक नोंद पुस्तकांत होती, पण ती सलीम अलींच्या ओळखीच्या मायनर्ट्झहागेन यांनी चोरलेल्या जुन्या नमुन्यावर बेतलेली निघाली. ती बाद करून खऱ्या जुन्या नोंदींच्या ठिकाणांकडे अमेरिकी अभ्यासक वळले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला, तोही दिवसाउजेडी. मेळघाट, यावल, तानसा इथेही तो नंतर सापडला.