सिडनी रिंगर : नळाच्या पाण्यात गवसलेले कॅल्शियम

रुग्णालयात सलाईन लावले जात असताना बाटलीवरची 'रिंगर लॅक्टेट' ही अक्षरे आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. ज्यांचे नाव त्या बाटलीवर आहे, ते सिडनी रिंगर मात्र वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर जवळजवळ विस्मृतीत गेले आहेत.

इंग्लंडमधील नॉर्विच हे त्यांचे जन्मगाव. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. एक भाऊ शांघायला गेला, तर दुसरा, फ्रेडरिक, नागासाकीत मोठा व्यापारी झाला. जपानमधील एका प्रसिद्ध उपाहारगृह-साखळीला आज त्याचेच नाव आहे. सिडनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यक शिकले आणि तिथल्याच रुग्णालयात त्यांनी आयुष्य वेचले. १८६९ साली आलेल्या त्यांच्या औषधोपचारविषयक ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. रुग्णसेवेतून वेळ काढून ते प्रयोगशाळेत जात.

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून कोणत्या द्रावणात धडधडत राहते, हे ते तपासत होते. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ध्यानात आले की, ऊर्ध्वपातित समजून वापरलेले पाणी प्रत्यक्षात न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचे होते. शुद्ध पाणी वापरताच हृदयाचे ठोके मंदावत थांबले; त्यात थोडे कॅल्शियम मिसळताच ते पुन्हा सुरू झाले. नामवंत प्राध्यापकाला ही चूक झाकणे अवघड नव्हते. रिंगर यांनी मात्र १८८३ च्या निबंधात ती स्वच्छपणे मांडली, आणि तोच निबंध अजरामर ठरला. अस्थी व दातांचा घटक म्हणून परिचित असलेले कॅल्शियम पेशीच्या हालचालीलाही अपरिहार्य आहे, हे त्यातून प्रथमच दिसले.

त्यांना एक कोडेही पडले होते. हृदय कॅल्शियमवाचून थांबते, पण हातापायांचे स्नायू बाहेरच्या कॅल्शियमविना बराच वेळ आकुंचन पावतात. हे का, याचे उत्तर मिळायला जवळपास एक शतक लागले. पेशीच्या आवरणावर विद्युतदाबाने उघडणाऱ्या कॅल्शियमच्या वाहिन्या असतात. पेशीच्या आत कॅल्शियमचे कोठार असते आणि त्याच्या दारावर रायनोडीन ग्राहक. हृदयात वाहिनीतून शिरलेले थोडेसे कॅल्शियम या ग्राहकाला उघडते आणि कोठार रिते होऊ लागते. हातापायांच्या स्नायूंत वाहिनी ग्राहकाला थेट यांत्रिक रीतीने हलवते. बाहेरून कॅल्शियम येण्याची वाट पाहावी लागत नाही.

चेतापेशींतही हीच जोडी कार्यरत आहे. संदेशाची लहर आली की वाहिन्या उघडतात, आतले रायनोडीन ग्राहक त्या कॅल्शियमला प्रतिसाद देऊन संकेत वाढवू शकतात. शेजारचे आयपी३ ग्राहक मात्र चोखंदळ. त्यांना कॅल्शियमसोबत आयपी३ हा दुसरा रासायनिक निरोपही लागतो. चेतापेशींमधील जोडण्या बळकट होण्यात, म्हणजे स्मरणाच्या घडणीत, या देवाणघेवाणीचा वाटा आहे. चेतेकडून स्नायूकडे संदेश जाण्यासही कॅल्शियम हवे, हे एफ. एस. लॉक यांनी १८९४ मध्ये, रिंगर हयात असतानाच दाखवून दिले होते.

रिंगर यांची मुलगी बालपणीच गेली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी यॉर्कशरमधील लास्टिंगम येथील प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार करविला. पत्नीही त्यांच्याआधी निवर्तली. निवृत्तीनंतर ते त्याच खेड्यात राहिले आणि १९१० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या द्रावणात लॅक्टेट मिसळून आजची ती बाटली घडवली ती अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी, १९३० च्या दशकात.