नीलकंठशास्त्री गोऱ्हे : संशय आणि श्रद्धा

एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरितांची चरित्रे बहुधा बाप्तिस्म्यापाशी येऊन विसावतात. आधीचा सारा अंधार, नंतरचा सारा प्रकाश, असा त्यांचा ठरीव साचा. नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांचे जीवन या साच्यात बसत नाही. त्यांचा खरा झगडा बाप्तिस्म्यानंतर सुरू झाला आणि तो अखेरपर्यंत मिटला नाही.

झाशीजवळील काशीपुर येथे १८२५ साली एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. काशीत ते व्याकरण आणि न्याय शिकले. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाला १८४४-४५ च्या सुमारास त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. शास्त्राचा न्यायनिवाडा निव्वळ तर्काने करू नये, श्रद्धा आधी आणि तर्क तिच्यामागून, ही त्यांची त्या ग्रंथातील भूमिका. पुढे विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला वादात जिंकावयास गेलेला हा तरुण स्वतःच बायबलाच्या वाचनात गुंतला, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यापायी घरदार आणि ज्ञाती यांना ते अंतरले. १८५३ मध्ये कन्या झाली आणि थोड्याच काळात पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, इंग्रज कुटुंबात वाढली व पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून नावारूपास आली.

इतके मोल देऊन जे मिळविले, त्याचे समाधान तरी लाभले काय? १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. तेथे माक्स म्यूलर यांच्याशी त्यांची भेट झाली. म्यूलर यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणीनुसार गोऱ्हे त्या वेळी अत्यंत खिन्न होते. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या या देशात ज्या शिकवणीसाठी आपण सर्वस्व सोडले तिचा आचार कोठे दिसत नाही, हे शल्य त्यांना इतके बोचले, की परतून जावे आणि हा धर्मही सोडावा, असे त्यांच्या मनात आले. पण तो त्यांनी सोडला नाही.

मायदेशी आल्यावर त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ सिद्ध केला (१८६०). फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. षड्दर्शनांचे खंडन हा त्याचा विषय. तथापि खंडनाची पद्धती काशीच्या पाठशाळेतील आहे : पूर्वपक्ष मांडावयाचा, त्याचे दोष दाखवावयाचे, मग उत्तरपक्ष. हीच सवय गोऱ्ह्यांना भोवली असावी. नैयायिकाची बुद्धी परक्याच्या मतावर चालवून झाली की म्यानात ठेवता येत नाही. ख्रिस्ती धर्माची प्रमाणे त्यांनी ग्रंथांतून हिरिरीने मांडली, आणि एकांतात तीच प्रमाणे त्यांना पुन्हा पुन्हा अपुरी वाटत राहिली. त्यांच्या पत्रव्यवहारात या तळमळीच्या खुणा जागोजाग आहेत. व्यक्तिगत निर्णयावर भिस्त ठेवणाऱ्या इव्हँजेलिकल पंथाकडून ते चर्चच्या परंपरागत अधिकाराला मान देणाऱ्या पक्षाकडे वळले, त्याचे कारणही बहुधा हेच. तर्काने जी स्थिरता दिली नाही, ती ते आता परंपरेपाशी मागत होते. विशीतल्या त्या संस्कृत ग्रंथाची भूमिकाही निराळी नव्हती!

याच संशयग्रस्त मनुष्याच्या लेखनाने इतरांचे संशय फिटले. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथे असताना त्यांची बौद्धिक खात्री पटली ती गोऱ्ह्यांच्या लेखनाने, हे रमाबाईंनी स्वतःच नमूद केले आहे. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोऱ्ह्यांना १८७० मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली होती. १८७६ साली ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डजवळील काउली येथील संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. अंतिम व्रते मात्र त्यांनी कधीच घेतली नाहीत. उमेदवारीची मुदत सामान्यतः दोन-तीन वर्षांची असते. गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हाही ते उमेदवारच होते.