सावित्रीबाईंचा माळावरचा दवाखाना

दर ३ जानेवारीला लांजा तालुक्यातील शाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार पडतो. १८४८ सालची भिडे वाड्यातील मुलींची शाळा, अंगावर झेललेले शेणाचे गोळे, हे पोरांना पाठ असतं. बाईंचे शेवटचे दिवस मात्र भाषणात फारसे येत नाहीत. साथीच्या दृष्टीने पाहिलं तर गावाच्या उपयोगाचे तेच आहेत.

सावित्रीबाई पाटलाघरच्या. सातारा जिल्ह्यातील नायगावचे खंडोजी नेवसे पाटील यांची ही लेक, जन्म १८३१ चा. १८४० मध्ये जोतिरावांशी लग्न झालं. पुढे शाळा, १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नछत्रं. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेऊन त्याला डॉक्टर केला. १८९० साली जोतिराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाईच.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. माणसं शहर सोडून पळाली, रोग पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला (२०२० साली कोरोनातही लागू झाला तो हाच) आणि पुढे सोजीर घराघरांत शिरू लागले. त्या धास्तीने लोक आजारी माणूस लपवू लागले. लपवलेला रोगी म्हणजे घरभर रोग, हे काय सांगायला हवं?

बाईंनी यशवंतरावांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. माळ म्हणजे आपल्याकडचा सडाच समजा. मोकळी हवा, वस्तीपासून लांब. रोगी वेगळा काढायचा, पण वाऱ्यावर सोडायचा नाही. मुंढव्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा प्लेगने पडल्याचं कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतरावांनाही १९०५ साली प्लेगनेच नेलं.

प्लेगचा जंतू वेगळा. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात, हे १८९८ साली उजेडात आलं. फुफ्फुसात शिरला तर तो खोकल्यातूनही लागतो. फ्लू आणि कोरोना विषाणूंचे. ते श्वासातून, खोकल्यातून, बंद खोलीत झपाट्याने पसरतात. बाईंजवळ मास्क नव्हता. हाफकिन यांची प्लेगची लस त्याच वर्षी जानेवारीत नुकती स्वतःवर टोचून पाहिली गेली होती. आपल्यापाशी आज लस आहे, मास्कही आहे, मग ढिलाई कशाला?

२०२० मध्ये मुंबईहून आलेले चाकरमानी कोकणात गावोगाव शाळांत राहिले. कुठे वेशीवरच अडवणूक झाली, कुठे रोज डबा पोचला. दुसरी रीत बाईंची.

तेव्हा गणपतीला गाडीतून उतरलेला माणूस खोकत असेल तर त्याला माजघरात आरतीच्या गर्दीत बसवू नका. पडवीतली खोली द्या, खिडकी उघडी ठेवा. जेवणखाण एकानेच बघावं, दोघांच्याही तोंडावर मास्क हवा, हात साबणाने धुवावेत. घरातल्या म्हाताऱ्यांना त्या खोलीत जाऊ देऊ नये. धाप लागली तर घरगुती काढ्यावर दिवस न काढता आरोग्य केंद्र गाठावं. घर एकाच खोलीचं असेल त्याची सोय कुठे करायची, हे ग्रामपंचायतीने चतुर्थीआधी ठरवून ठेवावं.