वंदनीय आंतोनी गाउडी : डोंगराचा मान राखणारे वास्तुशिल्पी

१४ एप्रिल २०२५ रोजी, आपल्या निधनाच्या आठवडाभर आधी, पोप फ्रान्सिस ह्यांनी स्पेनमधील वास्तुशिल्पी आंतोनी गाउडी ह्यांना 'वंदनीय' घोषित करण्यास संमती दिली. बार्सिलोनातील पवित्र कुटुंबाच्या महामंदिराची छायाचित्रे आपण पुष्कळदा पाहतो. त्या शिल्पकाराचे जीवन मात्र आपल्याला फारसे परिचित नसते.

२५ जून १८५२ रोजी कातालोनियात एका तांबटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. संधिवातामुळे बालपणी त्यांना इतर मुलांसारखे बागडता येत नसे. भोवतालची झाडेझुडपे न्याहाळणे हीच त्यांची पहिली शाळा ठरली. पुढे बार्सिलोनात वास्तुशास्त्र शिकताना त्यांनी आराखडे काढून पोट भरले. १८७६ साली डॉक्टर झालेला भाऊ व पाठोपाठ आई निवर्तली. १८७८ साली ते पदवीधर झाले. गुण बेताचेच होते.

१९०० साली उद्योगपती एउसेबी गुएल ह्यांनी एक डोंगर त्यांच्याकडे वसाहतीसाठी सोपवला. अशा जागी प्रथम सुरुंग लागतात, हे आपण जाणतोच. गाउडींनी मात्र रस्ते उताराच्या वळणांनी नेले, पूल तिथल्याच दगडांतून उभारले. वरच्या पटांगणावरील पावसाचे पाणी जमिनीतून गाळले जाऊन खांबांच्या पोकळीतून सुमारे १२०० घनमीटरच्या टाकीत उतरे. पाण्याचा तुटवडा असलेल्या त्या माळावर ही मोठीच सोय होती. तरीही साठ भूखंडांवर घरे झाली अवघी दोन! व्यवहार फसला, आमच्या मते, असे अपयश अनेक यशांहून बरे. १९२६ साली ते सार्वजनिक उद्यान झाले.

महामंदिराचे काम १८८३ सालीच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे आले होते. आतील खांबांना त्यांनी झाडांप्रमाणे फांद्या दिल्या. मधल्या मनोऱ्याची उंची १७२.५ मीटर ठरवली, ती शहरातील मोंजुइक टेकडीहून किंचित कमी. मानवाची कृती परमेश्वराच्या कृतीहून उंच नसावी, अशी त्यांची धारणा होती.

७ जून १९२६ रोजी ट्रामची धडक बसली, तेव्हा अंगावरील जुन्या कपड्यांमुळे लोकांनी त्यांना भिकारी समजले. १० जूनला त्यांनी देह ठेवला. महामंदिराच्या तळघरातील प्रार्थनालयात त्यांना पुरण्यात आले. त्या दिवशी वर एकच घंटामनोरा पूर्ण झालेला होता.