हेलसिंकीचे कांस्यपदक आणि गहाण पडलेले घर



चंदगड तालुक्यात यात्रांचे दिवस आले की गावोगावच्या फडांत लाल माती उकरली जाते, हलगी कडाडते आणि शाळकरी पोरांपासून नामांकित मल्लांपर्यंत सारे लंगोट कसून उभे राहतात. अशा फडांत ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्हांस वाटले. त्यांच्या पदकाची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. त्या पदकासाठी कोणी काय गहाण ठेवले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान असल्याने कुस्तीचे पहिले धडे घरच्या मातीतच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच १९४२ चा लढा पेटला आणि भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचविणे ही कामे या मुलाने केली. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभारले, त्याची पुण्याई त्या काळी कोल्हापूरच्या प्रत्येक तालमीत जाणवत असे. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे खाशाबांचे मार्गदर्शक. शरीर आडदांड नव्हते, उंचीही बेताचीच. पण चपळाई विलक्षण, आणि प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला फेकणारी ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे गादीवरच्या कुस्तीशी गाठ पडली. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालावयाची, तर गादीवर घड्याळ आणि गुण यांचा हिशेब. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे थोडेफार मार्गदर्शन मिळाले. खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या मल्लांना हरविले, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या बावीस वर्षांच्या तरुणासाठी ही कामगिरी लहान नव्हती. गावी परतल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी व्यायामात तसूभरही ढिलाई येऊ दिली नाही.

१९५२ साली निवडीच्या वेळी मात्र अन्याय झाला. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाच्या फरकाने त्यांना डावलण्यात आले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि निरंजन दास यांना पराभूत करून खाशाबांनी आपली जागा मिळविली. जागा मिळाली, पैसा नव्हता. मुंबई राज्याच्या सरकारकडे अर्ज केला. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडून वेळेवर मदत मिळाली नाही. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी व स्नेह्यांनी जमेल तशी वर्गणी दिली. पुष्कळ खटपटींनंतर सरकारकडूनही चार हजार रुपये आले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर पणाला लावणारा प्राचार्य किती जणांच्या वाट्याला येतो?

हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे सत्तावन्न किलो वजनात, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना नमविले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ झुंज झाली. ती इशीने जिंकली व पुढे सुवर्णही त्यालाच मिळाले. ती कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह याच्याशी लढण्यासाठी खाशाबांना बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता; परंतु तो बजावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांना मिळाले. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

(त्या वर्षी आपला चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूरला जोडला गेला.)

कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. काही मिनिटांच्या वाटेला सात तास लागले. एवढ्या गौरवानंतर खाशाबांनी पहिले काम केले ते ऋण फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून, स्वतः लढून, जमलेल्या पैशातून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडविले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी कुस्ती हीच होय.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची वाट बंद झाली. खात्यात दीर्घ सेवा झाली, तरी बढतीसाठी त्यांना बरीच वर्षे तिष्ठावे लागले. सहायक पोलीस आयुक्तपद लाभले ते निवृत्ती जवळ आल्यावर. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत एकही पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले.

भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ साली टेनिसपटू लिएंडर पेस यांनी मिळवून दिले आणि कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली सुशील कुमार यांनी. महाराष्ट्राला तर बहात्तर वर्षे थांबावे लागले. २०२४ साली पॅरिसमध्ये आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले, तेव्हा राज्य सरकारने त्यांच्यासाठी लागलीच एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले.